पाणी मारुतीच्या कमरेला लागेपर्यंत

पावसाळ्यात नाशिककरांच्या फोनवर एक मेसेज हमखास फिरतो. गंगापूर धरणातून इतक्या वाजता इतक्या क्युसेकचा विसर्ग, होळकर पुलाखालून इतका. आकडा फारसा कुणाला कळत नाही. जुन्या नाशकात सरळ विचारतात, "मारुतीला कुठवर लागलंय?" गोदावरीत रामकुंडाजवळ उभा असलेला दुतोंड्या मारुतीचा पुतळा ही आमची पूर मोजायची पट्टी. पाय, गुडघा, कंबर, छाती, गळा. त्याच्याही वर गेलं तर नारोशंकर मंदिराची घंटा.

भांडी बाजारात माझ्या ओळखीचे एक दुकानदार आहेत. २००८, २०१६ आणि २०१९ असे तिन्ही मोठे पूर त्यांनी पाहिलेत. एका ऑगस्टमध्ये, धो धो पाऊस चालू असताना, मी त्यांच्याकडे कुकरची रिंग घ्यायला गेलो होतो. रस्त्यावर माणसं घोळक्याने नदीकडे चाललेली. मी विचारलं, "काका, पाणी येणार का हो इथवर?" हातातली परात पुसत ते म्हणाले, "ते मला काय ठाऊक? कमरेला लागलं की खालच्या फळीवरचा माल माळ्यावर. छातीला लागलं की शटर ओढून घरी. आत्ता गुडघ्याला आहे. रिंग तीन लिटरची देऊ की पाचची?"

तेव्हा मी अंबडच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब बघत होतो. कंत्राट संपत आलं होतं आणि "पुढच्या आठवड्यात कळवतो" हे वाक्य मी चार महिने ऐकत होतो. त्या चार महिन्यांत मी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं, घराची गळती तशीच ठेवली, भावाकडच्या जावळाला गेलो नाही. सगळ्याला एकच उत्तर: "एकदा कळू दे, मग बघू." नोकरी अजून गेली नव्हती, पण घरातले चार महिने मात्र गेले.

पुढे जे लिहितोय, म्हणजे अनिश्चिततेत कसं राहायचं, ते या चार महिन्यांनंतर शिकलेलं आहे. थोडं मानसोपचाराच्या पद्धतींमधून, थोडं गोदाकाठावरून आणि बरंचसं धाकट्या भावाच्या द्राक्षबागेतून. क्रम पाळलात तर बरं.

आधी एवढं समजून घ्या

अनिश्चितता सोसत नाही म्हणजे आपण भित्रे आहोत असं नाही. २०१६ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. लोकांना संगणकावर दगड दाखवायचे आणि खाली साप असेल की नाही हे ओळखायला लावायचं. साप निघाला की हाताला विजेचा बारीकसा, पण दुखणारा झटका. ताण सर्वांत जास्त कधी दिसला? झटका नक्की बसणार होता तेव्हा नाही, तर शक्यता निम्मी-निम्मी होती तेव्हा. वाईट बातमीपेक्षा "होईल की नाही" हेच शरीराला जड जातं. जीव टांगणीला लागणं म्हणतात ते हेच.

त्यामुळे मन एक सौदा करायला बघतं: कसंही करून खात्री मिळव. बहुतेक घोटाळा या सौद्यात आहे, कारण खात्री बाजारात नसतेच. मिळते ती तासाभराची उसनी.

पहिलं काम: नेमकं काय माहीत नाही ते लिहा

साधी शाळेची वही घ्या. पानावर तीन गोष्टी लिहायच्या: काय माहीत नाही, ते कोण किंवा काय सांगेल, आणि साधारण केव्हा.

"माझं कसं होणार" असं लिहिलंत तर पान फाडा. त्याला उत्तर देणारा माणूस अस्तित्वात नाही. मी सुरुवातीला तेच लिहिलं होतं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "अहो, हा प्रश्न आहे की कीर्तन?" मग लिहिलं: "३१ तारखेनंतर कंत्राट वाढेल का. साहेब सांगतील. त्यांनाच माहीत नाही, त्यामुळे तारीख नाही." एवढं लिहिल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की ज्या माणसाला मी रोज चेहरा बघून ताडत होतो, त्याच्याजवळही उत्तर नव्हतं.

खाली एक रेघ मारून आपण स्वतःच्या पदरचं काय घालतोय तेही लिहा. माझ्या यादीत होतं: घराचे हप्ते थकतील, लोक काय म्हणतील, या वयात कोण घेणार. हे प्रश्नाचा भाग नाहीत. ते आपलं भाषांतर आहे.

दुसरं काम: उसनी खात्री कुठून आणता ते पकडा

एक दिवस फक्त मोजा. काही बदलायचं नाही. मेल किती वेळा उघडली, एकच प्रश्न किती जणांना विचारला, दुखण्याची लक्षणं किती वेळा शोधली, पोहोचलास का म्हणून मुलाला किती फोन केले, पाठवलेला मेसेज किती वेळा पुन्हा वाचला. माझा मेलचा आकडा एका दिवसात ३७ निघाला. त्यातल्या एकाही वेळी नवीन काही आलेलं नव्हतं.

ज्योतिषाकडे जाणंही यातच मोडतं, आणि हे त्र्यंबकेश्वरपासून तीसेक किलोमीटरवर राहून लिहिताना जपून लिहायला हवं. ग्रहांची शांत करून घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. विधीत माणसाच्या हाताला काम मिळतं, घरचे एकत्र बसतात. पण एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून तपासून घ्यायला गेलो, तेव्हा ते विचारणं उरलं नव्हतं, खाज सुटली होती. मी दोघांकडे गेलो होतो. एक म्हणाले दिवाळीनंतर, दुसरे म्हणाले दिवाळीआधी. मग मला तिसऱ्याकडे जावंसं वाटू लागलं!

मोजून झालं की कमी करा, बंद करू नका. एकदम बंद केलं तर तिसऱ्या दिवशी दुप्पट होतं. ३७ वरून मी दिवसातून चार ठरलेल्या वेळांवर आलो, दोन आठवड्यांनी दोनवर. पहिले तीन-चार दिवस हात शिवशिवतात. तेवढे काढा.

तिसरं काम: खुणा बांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

भांडी बाजारातल्या काकांना पूर येणार की नाही हे कळत नव्हतं, मलाही कळत नव्हतं. फरक एवढाच की त्यांच्याकडे खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेला एक काम बांधलेलं होतं. म्हणून गुडघ्याला पाणी असताना ते कुकरची रिंग विकू शकत होते. माझ्याकडे खूण नव्हती, त्यामुळे मला चोवीस तास नदीकडे बघत बसावं लागत होतं.

माझ्या नोकरीच्या खुणा आम्ही दोघांनी एका रविवारी दुपारी बसून बांधल्या. हाताशी सहा महिन्यांचा घरखर्च होता. तो चारवर आला की पगार कमी असला तरी सातपूर, सिन्नरकडे अर्ज टाकायचे. दोनवर आला की चारचाकी विकायची आणि भावाकडून ठरलेली रक्कम उसनी घ्यायची. त्याबद्दल भावाशी त्याच आठवड्यात बोलून ठेवलं. वेळ आल्यावर तोंड उघडायचं नाही, आधीच. सहावर आहे तोवर? तोवर आईचं ऑपरेशन, गळतीची दुरुस्ती आणि रोजचं काम. बस.

चांगली खूण कशी ओळखायची? ती डोळ्यांना दिसली पाहिजे. "फारच वाईट वाटायला लागलं तर" ही खूण नाही, कारण वाईट तर आजही वाटतंय. पासबुकातला आकडा, तारीख, तापाचा आकडा, या खुणा. दुसरं, ती शांत डोक्याने, दिवसाउजेडी ठरवलेली असावी. रात्री दोनला बांधलेल्या खुणा सकाळी हास्यास्पद दिसतात. तिसरं, एका खुणेला एकच पहिलं काम. आणि घरातल्या निदान एका माणसाला ती ठाऊक हवी, म्हणजे आपण घाबरून खूणच खाली सरकवायला लागलो तर तो म्हणेल, "अजून गुडघ्यालाच आहे."

दोन-तीन खुणा पुरतात. माझ्या एका मित्राने मुलीच्या परीक्षेसाठी अकरा खुणा लिहून काढल्या. त्याला मी म्हटलं, हा मारुती नाही, हे वेळापत्रक झालं.

दुखण्याच्या बाबतीत खुणा डॉक्टरांना विचारूनच बांधा. आईच्या गळ्याजवळ गाठ लागली तेव्हा सुईची तपासणी केली आणि रिपोर्ट चार दिवसांनी मिळणार होता. मी डॉक्टरांना तेवढंच विचारलं: "या चार दिवसांत काय झालं तर थांबायचं नाही?" ते म्हणाले, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर लगेच घेऊन या. ते कागदावर लिहून फ्रिजला लावलं आणि फोनवर शोधणं बंद. आई मात्र पहिल्याच रात्री मला म्हणाली होती, "गाठ मला आहे ना? मग तू का जेवत नाहीस?" रिपोर्ट चांगला आला. पण तो वाईट आला असता तरी ते चार दिवस न जेवण्याचा काय उपयोग होता, हे मला आजही सांगता येत नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी खूण बांधायची तर ती मुलानेच बांधायची. बापाने बांधलेली खूण म्हणजे धमकी.

चौथं काम: पानावरचं पाणी बघा

भावाची बाग दिंडोरीकडे आहे. द्राक्षाला ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी झाली की काढणीपर्यंत साधारण चार महिने हा माणूस अनिश्चिततेत राहतो. फुलोऱ्यात पाऊस आला तर गळ आणि कुज, दमट हवा टिकली तर डाऊनी नावाचा रोग, माल तयार होत असताना अवकाळी आला तर मणी तडकणार, आणि निफाडसारखी थंडी उतरली तर पहाटे बागेत शेकोट्या. एवढं सगळं निभावल्यावर भाव, तो तर वेगळाच विषय.

एका नोव्हेंबरात ढग भरून आले होते. मी बांधावर उभा राहून आभाळाकडे बघत होतो. तो मात्र मांडवाखाली वाकून एक पान उलटं करून बघत होता. म्हणाला, "दादा, वर बघून फवारणी ठरत नाही. पान किती वेळ ओलं राहिलं ते बघायचं." डाऊनीचा रोग पानावर पाणी टिकलं की धरतो. आभाळ त्याच्या हातात नाही; पान आहे. त्याने वेलीच्या दोन-तीन ठिकाणची पानं चाचपली, पंपाकडे गेला, फवारणी उरकली, हात धुतले आणि मग, मला सगळ्यात नवल याचं वाटलं, जेवून चक्क झोपला.

तर वहीच्या पानावर तुमचं "पान" कोणतं ते शोधा. मुलाखतीचा निकाल आभाळ. तयारी आणि पुढचा अर्ज हे पान. सासूबाईंचा स्वभाव आभाळ. आज फोनवर आपण काय बोललो हे पान. आजचं काम आज उरका. उरकल्यावर पुन्हा बांधावर जाऊन उभं राहू नका.

पाचवं: निर्णय तुकड्यांत घ्या

कांदेवाल्यांकडून हे शिकावं. उन्हाळ कांदा निघाला की शहाणा शेतकरी सगळा एकदम लासलगावला नेत नाही आणि सगळा साठवणीच्या चाळीतही कोंडत नाही. थोडा लगेच, थोडा पावसाळ्यात, थोडा त्यानंतर. चाळीत कांदा सडतो, वजनही घटतं, म्हणून थांबण्यालाही किंमत असते हे त्याला ठाऊक असतं. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा कुणाला आदल्या आठवड्यात ते सांगता आलं असतं? ज्याचा सगळा माल एका तारखेवर टांगलेला नव्हता, तो निदान उभा राहिला.

घरातही हेच. शहर बदलायचं तर आधी महिनाभर भाड्याने राहून बघा. धंदा करायचा तर नोकरी ठेवून शनिवार-रविवारी सुरू करा. जो निर्णय मागे घेता येतो तो लवकर घेऊन टाका. जो घेता येत नाही, त्याचाच काथ्याकूट करा. आपण नेमकं उलटं करतो. पडद्याच्या रंगावर तीन आठवडे आणि कर्जाच्या सहीवर तीन मिनिटं.

सहावं: काळजीला वेळ नेमून द्या

हे ऐकायला पोरकट वाटतं, पण जुनं आणि तपासलेलं तंत्र आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ते मांडलं. रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास काळजी करायची. एरवी काळजी आली की तिला सांगायचं, "साडेसहाला ये."

माझी जागा गच्चीची पायरी, वेळ संध्याकाळी साडेसहा. अंथरुणावर किंवा देवघरासमोर ही जागा ठेवू नका. नंतर तिथे बसलं की तेच आठवतं. वही सोबत न्यायची, दिवसभरात जे जे आलं ते लिहायचं आणि प्रत्येक काळजीपुढे एक भाकीत: नेमकं काय होईल असं वाटतंय. महिन्याने परत जाऊन बघायचं, झालं का.

पेन स्टेट विद्यापीठात अतिकाळजीचा विकार असलेल्या लोकांकडून अशाच नोंदी ठेवून घेतल्या होत्या. त्यांच्या दहातल्या नऊहून अधिक काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. माझ्या वहीचा हिशेब एवढा चांगला नाही, पण एक गोष्ट दिसली: जे खरंच घडलं, त्यातलं बरंचसं माझ्या यादीतच नव्हतं. गच्ची गळेल म्हणून घाबरलो, आणि फुटली ती खालच्या मजल्यावरची पाण्याची लाइन.

सातवं: छोटी अनिश्चितता मुद्दाम ओढवून घ्या

पोहायला शिकताना आधी उथळ पाण्यात उतरतात. तसंच. ज्यात काही बिघडलं तरी फारसं नुकसान नाही अशा गोष्टी निवडा. बुधवारच्या बाजारात यादी न घेता जा आणि जे दिसेल त्यावर आठवडा काढा. रिव्ह्यू न वाचता अनोळखी ठिकाणी मिसळ खा. ऑफिसची मेल एकदाच वाचून पाठवा. मुलगा मित्रांसोबत पांडवलेणीला गेला तर मधे फोन करू नका.

आधी लिहायचं: काय होईल असं वाटतंय. नंतर लिहायचं: काय झालं, आणि बिघडलं असेल तर ते कसं निस्तरलं. हा शेवटचा भाग सोडू नका. मिसळ भयंकर निघाली, मग आम्ही समोरच्या टपरीवर भजी खाल्ली. मनाला शिकवायचं आहे ते हेच की अंदाज चुकला तरी आपण निस्तरतो. "सगळं चांगलंच होईल" असं शिकवायला गेलात तर मन हसेल तुम्हाला.

आठवड्याला दोन प्रयोग भरपूर झाले. हळूहळू पायरी वाढवा.

रात्री तीनला जाग येते त्याचं काय? तेव्हा विचार करूच नका, विचाराशी भांडूही नका. उठा, पाणी प्या, उशाजवळच्या कागदावर एक ओळ लिहून ठेवा आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावत दहा-बारा श्वास मोजा. त्या वेळचं कुठलंही गणित बरोबर येत नाही.

आणि वाईटच झालं तर

२६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात अवकाळीसोबत गारा पडल्या. निफाड पट्ट्यातल्या बागा झोडपून निघाल्या. भावाच्या एका नातलगाची बाग त्यात गेली. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा वेलीखाली फाटकी पानं आणि फुटक्या घडांचा चिखल झाला होता, आणि तो गडी हातात एक घड धरून नुसता उभा होता. कुणी म्हणालं, "जे होतं ते चांगल्यासाठी." तो काहीच बोलला नाही. भावाने पुढे होऊन फक्त विचारलं, "जनावरांना पाणी पाजलंय का?" आणि दोघं गोठ्याकडे गेले.

अनिश्चितता स्वीकारणं म्हणजे झालेलं गोड मानून घेणं नव्हे. नुकसान झालं तर ते नुकसानच आहे. रडू येऊ द्या, राग येऊ द्या, चार दिवस जाऊ द्या. "मला आधीच कळायला हवं होतं" हा आरोप तेवढा स्वतःवर करू नका. गारा कुणाला विचारून पडत नाहीत. आणि दुसऱ्याच्या घरी गेलात तर सुविचार बाहेर ठेवून जा, जमलं तर डबा घेऊन जा.

एक सावधगिरी. वर लिहिलेलं करूनही कित्येक आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, छातीत धडधड होऊन कामं अडत असतील किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तसंच, घरात मारहाण होत असेल किंवा पगार मुद्दाम अडवला जात असेल, तर ती "अनिश्चितता" म्हणून स्वीकारायची गोष्ट नाही. तिथे तक्रार करायची.

माझं कंत्राट सहा महिन्यांनी वाढलं, नंतर एकदा संपलं, आता मी दुसरीकडे आहे. वही चालू आहे. कशी लिहायची याचा अंदाज यावा म्हणून आजचंच पान देतो:

काय माहीत नाही: थोरल्याला पुण्यात प्रवेश मिळतो की इथेच. कोण सांगेल: तिसरी यादी. केव्हा: पुढचा गुरुवार, संध्याकाळ.
पदरचं: तिकडे गेला तर जेवणाचे हाल होतील. इथे राहिला तर आम्हाला दोष देईल.
खूण: यादीत नाव आलं की त्याच रात्री वसतिगृहाला फोन. नाही आलं तर शुक्रवारी सकाळी अकराच्या आत इथल्या कॉलेजात फी.
पान: कागदपत्रांच्या झेरॉक्स तीन प्रती, उत्पन्नाचा दाखला. दाखला आणला, झेरॉक्स राहिल्या.
साडेसहा वाजले. गच्चीवर जातो.